घरची भाजी घरची कोणाची?

हल्ली शहरगावी एक हौस वाढली आहे, आणि ती काही वाईट नव्हे. गॅलरीत, गच्चीवर, खिडकीच्या जाळीत मंडळी भाजी लावतात. माळकऱ्याच्या घराला कुंडीचे नवल कसले? चाळीतल्या दीड खोलीतसुद्धा जुन्या डब्यात का होईना, तुळस असतेच. तिच्या शेजारी मिरची आली, अळू आले, दोरीवर घोसाळ्याचा वेल चढला, एवढेच. त्या भाजीबद्दल तक्रार नाही. तिच्याबरोबर ताटात जे एक वाक्य वाढले जाते, त्याबद्दल थोडे बोलायचे आहे. "ही आमची घरची हो! बाजारातलं विष आम्ही खात नाही."

यातला 'आमची' हा शब्द जरा सोलून पाहू.

पनवेलहून रोह्याकडे आगगाडीने निघाले की आपटा स्टेशन लागते. गाव पाताळगंगेच्या काठी. ही नदी भर उन्हाळ्यातही वाहती असते. त्याचे कारण असे की, वर लोणावळ्याकडे वळवण वगैरे टाटांची धरणे आहेत. त्यांचे पाणी मोठ्या नळांतून घाट उतरून खोपोलीस येते, १९१५ सालापासून तिथे वीज तयार करते आणि मग पाताळगंगेत पडते. आता गंमत पाहा. वळवणचे खोरे मुळात इंद्रायणीचे. म्हणजे जे पाणी देहू-आळंदीवरून भीमेला मिळून पंढरीला चंद्रभागा व्हायचे, त्यातले काही मागे फिरून आपट्यावरून समुद्राला जाते. वाटेत त्याचा उपसा होतो आणि ते पनवेलकडच्या नळांनाही येते. त्यातलाच तांब्या कुंडीत ओतायचा आणि म्हणायचे काय, तर 'आमची'!

बियाचेही तेच. या भागातला कडवा वाल घ्या. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर आणि दवावर तो वाढतो. वेगळे पाणी मागत नाही. हा गुण आपण त्याला दिलेला नाही. पिढ्यान् पिढ्या कोणा कुणब्या-आगऱ्याने चांगल्या शेंगा खाण्यातून वगळून बियाण्याला ठेवल्या, म्हणून आज तुमच्या घरी बिरडे शिजते.

कोणी म्हणेल, "बुवा, पण कष्ट तर आमचे ना?" खरे आहे. कष्टाने खाण्याचा हक्क येतो, मिरवण्याचा येत नाही. सावता महाराज अरणला मळा करीत, तो पोटासाठी, हौसेसाठी नव्हे. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत. आजही पांडुरंगाचीच पालखी अरणला जाते. चार कुंड्यांवर त्यांचे नाव सांगणे सोपे आहे. पण बाजारात भेंडीची पाटी घेऊन बसतो तोही माळीच, कदाचित गळ्यात माळ असलेला. त्याने काय फवारले हे न विचारता त्याच्या मालाला विष म्हणायचे, हा कुठला न्याय? लेकराच्या तोंडी स्वच्छ घास जावा ही आईची इच्छा रास्तच आहे. त्यासाठी दुसऱ्याला हिणवायचे कारण नाही.

कुंडीचा खरा उपकार निराळाच आहे. बाजारात फ्लॉवर बाराही महिने मिळतो, म्हणून जीभ बाराही महिने हट्ट करते. कुंडी हट्ट चालवून घेत नाही. आठ दिवस भेंडी नाही, नवव्या दिवशी ओंजळभर. श्रावणात पडवळ, दोडकी, काकडी एकदमच येतात. मग तीच भाजी, तीच कोशिंबीर, आणि उरलेले शेजाऱ्याकडे. काय रांधायचे हे वेल ठरवतो. एकादशी पंधरवड्यातून एकदा जे शिकवते, त्याचाच हा रोजचा धडा म्हणा ना.

आणि हंगाम शिकायचा तर गुरू रस्त्याच्या कडेला बसलेले असतात. मृगाच्या सरी पडल्या की कातकरी-ठाकर मायबहिणी पनवेलच्या बाजारात शेवळांच्या जुड्या घेऊन येतात. सोबत काकडांची फळे देतात. ती न घालता शेवळे शिजवली तर घसा असा खाजतो की विचारू नका! टाकळा कोवळा असतानाच खुडावा, हेही त्याच सांगतील. एवढे ज्ञान जुडीबरोबर फुकट मिळते. तरी आपण कुंडीला, खताला, मातीच्या पिशवीला मुकाट पैसे मोजतो आणि पहाटे रान तुडवून आलेल्या बाईला म्हणतो, "दोन जुड्यांवर एक टाक गं!" ही घासाघीस करून आणलेली भाजी सोवळ्यात शिजवली, तरी तिला शुद्ध म्हणावे का?

कार्तिकीच्या वारीला घर बंद असते. पाऊस गेलेला, तेव्हा कुंड्यांना पाणी शेजारी घालतो. परत येऊन पाहावे तो वेलावरच्या दोन दुध्यांपैकी एक नाहीसा, आणि शेजारी ओशाळून उभा. अशा वेळी बहुतेक घरांत एकच उत्तर ऐकू येते : "बरं झालं खाल्लात, नाहीतर जून झाला असता." दुसरा वेलावरच राहू द्यावा, बियांना लागतो.