सोळावी मात्रा

मिरजेचे एक तबलजी आजोबा लेकीकडे लंडनला गेले होते. महिनाभरात त्यांनी दहा वर्षांच्या नातवाच्या हातात त्रिताल पक्का बसवला. "धा म्हणजे सम. पहिली मात्रा. हे विसरलास तर सगळं विसरलास," असं ते रोज बजावत.

लंडनच्या साउथबँक सेंटरमध्ये जावा बेटावरचा गमेलान हा वाद्यसंच आहे. इंडोनेशिया सरकारने १९८७ साली तो भेट दिला. नातू तिथे शिकायला जायचा. एका रविवारी आजोबाही गेले. दारातच चपला काढायच्या, कुठलंही वाद्य ओलांडायचं नाही, हे ऐकून ते हरखले. "आपल्यासारखंच की!"

त्या दिवशीचं आवर्तन सोळा मात्रांचं होतं. "सोळा मला येतात!" नातू म्हणाला. शिकवणाऱ्या बाईंनी त्याला चौकटीला टांगलेल्या मोठ्या गोंगापाशी उभं केलं. आख्ख्या आवर्तनात गोंगाचा ठोका एकच.

वादन सुरू झालं. सारोन या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यावरच्या मुली उजव्या हातातल्या हातोडीने पुढची पट्टी वाजवत आणि त्याच क्षणी डाव्या हाताच्या चिमटीत आधीची पट्टी धरून तिचा नाद थांबवत. नातू मोजत होता. चौदा, पंधरा, सोळा, एक! गोंग घुमला आणि सगळे थबकले. एक मात्रा उशीर झाला होता. पुन्हा सुरुवात, पुन्हा तीच चूक.

"अरे, बरोबर दिलास तू! सम पहिलीलाच असते," आजोबा कोपऱ्यातून म्हणाले.

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी मुलाला सारोनपाशी बसवलं आणि गोंग स्वतः वाजवला. सोळावीला.

परतताना बसमध्ये आजोबा धुसफुसत होते. "आवर्तनाच्या शेवटी कुठे सम असते का!"

नातू बराच वेळ गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून बसला होता. "आजोबा, तिहाई कुठे संपते?"

"समेवर."

"आणि मुखडा कुठे येतो?"

"समेवरच की."

"मग आपणही तिथे पोचतोच ना? पोचलो की आपण एक म्हणतो. ते सोळा म्हणतात."

मोठमोठ्या व्याख्यानांतून जे हाती लागत नाही, ते त्या पोराला सारोनवर बसून लागलं होतं. आजोबा गप्प झाले. समेवर माना डोलावणारे किती श्रोते त्यांनी आयुष्यभर पाहिले होते! ती मान निघाल्याची नसते, पोचल्याची असते.

पुढच्या रविवारी त्यांनी बाईंना विचारलं, "मी वाजवून पाहू?"

नातू सारोनवर बसला. आजोबांनी कापड गुंडाळलेला जाड हातोडा हातात घेतला, डोळे मिटले. ओठ हलत होते. तेरा, चौदा, पंधरा. चाळीस वर्षांची सवय हाताला धरून ठेवत होती, तरी हातोडा निघाला आणि गोंगाच्या फुगीर मध्यावर टेकला.

घुमारा जमिनीतून तळपायांपर्यंत आला. समोर नातवाची मान डोलली.