डबल बेल

आबा एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते. काखेत तिकिटांचा ट्रे, हातात टिकटिक वाजणारा पंच, आणि केळघरच्या घाटात गाडी वळणं घेत असताना दांडीला हातही न लावता उभा राहणारा माणूस. खोटा पास ते लांबूनच ओळखायचे, अशी त्यांची ख्याती होती. निदान ते स्वतः तरी तसं सांगत.

असा माणूस त्र्याहत्तराव्या वर्षी, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजवून, कॅलिफोर्नियात मुलाकडे आला आणि नातवाच्या हट्टापायी डिस्नेलँडच्या दारात येऊन उभा राहिला. ही बाग १९५५ सालची, म्हणजे आबांहून चार वर्षांनी धाकटी. दाराजवळच चाकाच्या खुर्च्या आणि बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटर भाड्याने मिळतात.

मुलगा म्हणाला, “आबा, दिवसभरात आठ-दहा किलोमीटर चालणं होतं इथे. एक स्कूटर घेऊया.”

“मी काय लंगडा आहे? घरापासून देवळापर्यंत रोज चालतो.”

“अहो, देऊळ समोरच्या गल्लीत आहे,” आजी म्हणाल्या.

“आणि रांग चुकवायला बसलाय म्हातारा, असं म्हणतील लोक.”

मुलाने समजावून पाहिलं. नुसती खुर्ची घेतली म्हणून इथे रांग चुकत नाही. कुठे खुर्चीसकट त्याच रांगेतून जायचं, तर जिथे वाट अरुंद आहे तिथे जेवढी रांग तेवढ्या वेळाने परत यायचं. आबा ऐकत होते, पण पाऊल पुढे पडलं होतं.

मग सकाळ कशी गेली म्हणता? या बाकड्यावरून त्या बाकड्यावर. आबा बसले की सगळे बसत. आबा उठले की सगळे त्यांच्या चालीने चालत, आणि ती चाल वरातीतल्या घोड्याहून धिमी. दुपारी बारापर्यंत दोन पाळणे झाले होते. सहा वर्षांचा नातू आधी हात ओढत होता, मग नुसता विचारत होता, आणि नंतर त्याने विचारणंही सोडलं. एका बाकड्यापाशी तो आपणहून म्हणाला, “मला नाही जायचं त्या रॉकेटमध्ये.” पोराच्या या शहाणपणाने आजींना भडभडून आलं. आबांना ते कळलं की नाही, कोण जाणे. ते गुडघा चोळत होते.

दुपारी सगळे ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’च्या होड्यांपाशी पोचले. बाजूच्या वाटेने चाकाच्या खुर्चीतून एक तरुण मुलगी आली. होडी लागली तशी ती उठली, चार पावलं चालली आणि आत जाऊन बसली. रिकामी खुर्ची काठावर राहिली.

“बघितलंस?” आबा आजींना म्हणाले. “चांगली चालती की. पास खोटा आहे.”

आजींनी पदर सावरला. “देवळापर्यंत तुम्हीही चालताच की. मग उद्या तुम्ही बसलात तर तुमचाही खोटा?”

आबा काही बोलले नाहीत. सकाळपासून ज्या वाक्याच्या धास्तीने ते बाकडी मोजत होते, ते एवढ्या गर्दीत कुणीच उच्चारलं नव्हतं. ते आत्ता त्यांच्याच तोंडून निघालं होतं.

होडी आत शिरली. देशोदेशीच्या बाहुल्या एकच गाणं पुन्हा पुन्हा गात होत्या. (पहिल्यांदा गोड वाटतं, दहाव्यांदा कान किटतात.) नातू ओरडला, “आबा, ती बघा, खुर्चीतली!” खरंच, चाकाच्या खुर्चीत बसून एक बाहुली गात होती. अशा दोन बाहुल्या तिथे २०२२ साली बसवल्या. इतर बाहुल्यांसारखाच झगमगीत पोशाख, तसंच हसू. आबा मान वळवून, ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले.

बाहेर आल्यावर ते मुलाला म्हणाले, “जा, आण ती तुझी स्कूटर.”

बत्तीस वर्षं गाडीत काढली, पण स्टीअरिंगला आबांनी कधी हात लावला नव्हता. तो ड्रायव्हरचा मान. स्कूटरच्या हॅन्डलवर वेग ठरवायचं गोल बटण होतं. एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. “ही गोष्ट ठाऊक आहे मला,” म्हणत त्यांनी बटण कासवावर ठेवलं.

मुख्य रस्त्यावर घोड्याच्या ट्रामचे रूळ आहेत. आबांनी ते तिरके ओलांडायला घेतले आणि पुढचं चाक खाचेत अडकलं. खटका दाबला की मोटर नुसती गुरगुरे. मागे गर्दी थबकली. आबांच्या कानशिलावरून घाम ओघळला. मुलगा धावत येतोय तोवर शेजारी एक खुर्ची थांबली. तीच मुलगी. तिने आधी खुणेनेच मागे घ्या म्हणून सांगितलं. मग एक हात आडवा धरला, दुसरा त्यावर उभा ठेवला, बेरजेच्या चिन्हासारखा: रूळ सरळ कापायचा, तिरका नाही. आबांनी स्कूटर मागे घेतली, तोंड वळवलं, आणि चाकं ठक-ठक करत पार झाली. मुलीने अंगठा वर केला आणि आपल्या वाटेने निघून गेली. आबांना ‘थँक्यू’ आठवेपर्यंत ती पन्नास पावलं लांब गेली होती.

“पास खरा होता गं,” आबा म्हणाले.

“कुणाचा?” आजींनी विचारलं.

नातू पुढे पळत सुटला होता, रॉकेटच्या दिशेने. आबांनी बटण कासवावरून थोडं सशाकडे सरकवलं आणि हॉर्न दोनदा दाबला.