काचेपलीकडच्या माणसाला काय ऐकू येतं?

स्पीकर केवढ्याला घेतलेत ते मला सांगू नका. इंटरफेस कुठल्या कंपनीचा, किती चॅनलचा, तेही नको. परवा त्या बाई तुमच्या बूथमध्ये गायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या कानात काय पोचत होतं एवढंच सांगा. एकालाही सांगता येत नाही. कारण तुमच्यापैकी एकानेही बूथमध्ये जाऊन तो हेडफोन कानावर चढवून पाहिला नव्हता. खोली रंगवलीत, निळे दिवे लावलेत, दारावर पाटी लावलीत. पण जो माणूस तिथे उभा राहून गाणार, त्याला काय ऐकू येईल हा विचार शेवटच्या दिवशी एका वाय-केबलवर उरकलात.

आज मी बोलेन, तुम्ही ऐकायचं.

आधी जिवावरचं बोलतो. कंट्रोल रूममध्ये हम येत होता म्हणून मिक्सरच्या तीन पिनी प्लगला दोन पिनी अॅडॅप्टर लावून तुम्ही अर्थिंग तोडलंत. हम गेला आणि तुम्ही एकमेकांची पाठ थोपटलीत. अरे, त्या मिक्सरला माइकची केबल जोडलेली आहे. माइकची जाळी धातूची आहे. गाणाऱ्याचे ओठ त्या जाळीपासून चार बोटांवर असतात आणि हेडफोन कानावर असतो. उद्या मिक्सरच्या आत कुठे इन्सुलेशन गेलं आणि फेज बॉडीला लागला, तर तो प्रवाह जमिनीत जाण्याची वाट तुम्ही स्वतःच्या हाताने बंद केली आहे. उरते ती वाट माणसाच्या अंगातून जाते. हे ज्याने केलं त्याचं नाव मी विचारत नाही, कारण बाकीच्यांनी ते पाहिलं आणि गप्प बसले. पुन्हा असा अॅडॅप्टर दिसला तर त्या दिवशी स्टुडिओला कुलूप लागेल.

आणि हम का येतो, हे तुम्हाला शिकवलं होतं. दोन यंत्रं दोन वेगळ्या सॉकेटांवरून अर्थ झाली आणि वर केबलच्या शील्डनेही एकमेकांना जोडली गेली, की एक वेटोळं तयार होतं. त्यात 50 हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला 100, 150 हर्ट्झचा आवाज शिरतो. त्याचा उपाय प्लगमध्ये नसतो. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर घ्या. इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड केबल वापरा. तुम्ही तिथे मोनो जॅकच्या, गिटारला लावतात तसल्या केबल ओढल्या आहेत. कीबोर्ड किंवा लॅपटॉपमधून हम येत असेल तर डीआय बॉक्स लावा. त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण सिग्नलच्या वाटेतलं असतं, विजेच्या वाटेतलं नसतं. आणि इमारतीचं अर्थिंग मुळात आहे का, हे वायरमनला बोलावून मोजून घ्या.

आता स्पीकर. यामाहाचा एनएस-10 हा 1978 साली घरात गाणी ऐकायला म्हणून बाजारात आला. त्याचं उत्पादन 2001 मध्ये बंद झालं. तरी जगभरातल्या स्टुडिओंत तो पांढऱ्या कोनचा स्पीकर ठाण मांडून राहिला, कारण त्यावर काय ऐकू येतं आणि बाहेर ते कसं ऐकू येईल, हे वापरणाऱ्यांना पाठ झालं होतं. तुमचा महागडा जोड तुम्ही टेबलावर, भिंतीला चिकटवून ठेवलात, आणि डावा तर थेट कोपऱ्यात. भिंत खर्ज वाढवते, कोपरा त्याहून जास्त वाढवतो. त्यामुळे तुम्हाला डग्गा जड वाटला आणि तुम्ही त्याचा खालचा भाग कापून टाकलात. मग तेच गाणं मोटारीत लावलं तर डग्ग्याचा घुमारा गायब. तबलजींना विचारावंसंही तुम्हाला वाटलं नाही. वाद्यच बारीक आहे असं परस्पर ठरवून मोकळे झालात.

खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर ठेवलीत. समोरासमोरच्या भिंतींत 4 मीटर अंतर असेल तर ती खोली साधारण 43, 86, 129 हर्ट्झला घुमते. त्यातले 43 आणि 129 नेमके मध्यावर जवळजवळ नाहीसे होतात. म्हणजे जे नाही ते तुम्ही वाढवत बसणार. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या 38 टक्क्यांवर बसून सुरुवात करा, मग थोडं पुढेमागे सरकून ऐका. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण टेपने मोजा, अंदाजाने नको. ट्वीटर कानाच्या उंचीला आणा. एकाने खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे रॉकवूलचं पॅनेल लावायचं. भिंतींवरचे अंड्यांचे ट्रे उद्या सकाळी उतरवा. खर्जाला ते काही करत नाहीत, आणि पेटले तर दार गाठायला वेळ मिळणार नाही.

स्पीकरचा आवाजही तुम्ही दर गाण्याला वरखाली करता. कान सगळे सूर सारखे ऐकत नाही. आवाज लहान असला की खालचे सूर आधी मावळतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे 1933 साली मोजून मांडलं. सिनेमाच्या मोठ्या मिक्सिंग थिएटरात 85 डेसिबलची पातळी धरतात. तुमच्या एवढ्याशा खोलीत ती कानठळ्या बसवेल. तिथे 76 ते 79 पुरे. पिंक नॉइज लावा, एका वेळी एकच स्पीकर, मीटर सी-वेटिंगवर आणि स्लो. बटण जिथे येईल तिथे पांढऱ्या पट्टीची खूण करा. निवाडा करायचा तो त्या खुणेवरच.

एवढं तुमच्या बाजूचं झालं. आता काचेपलीकडचं, आणि माझा खरा राग तिथे आहे.

बाईंच्या कानात त्यांचा स्वतःचा आवाज उशिरा येत होता. सेशनचा बफर 512 वर होता, कारण तुम्ही मिक्सिंगची जड प्लगइन्स तशीच चालू ठेवली होती. 48 किलोहर्ट्झला 512 सॅम्पल म्हणजे जाताना साडेदहा मिलीसेकंदांहून जास्त, येताना तेवढेच. 20 मिलीसेकंदांत आवाज हवेतून जवळजवळ 7 मीटर जातो. गाणारा माणूस आपला आवाज कवटीच्या हाडांतून त्याच क्षणी ऐकत असतो. त्यावर 7 मीटर दुरून आल्यासारखा दुसरा आवाज आदळला तर तान घेणार कशी? समेवर येताना बाई दर वेळी किंचित रेंगाळत होत्या, आणि तुमच्यापैकी एक म्हणाला, लय सुटते आहे. लय त्यांची सुटली नव्हती. तुम्ही त्यांना मागे खेचत होता. इंटरफेसमध्ये डायरेक्ट मॉनिटरिंग दिलेलं आहे. ते चालू करा, सॉफ्टवेअरमधला त्यांचा आवाज हेडफोनमधून काढा, आणि गाणं मुद्रित होत असताना बफर 64 किंवा 128 वर आणा. आवाज वेळेवर येऊनही पोकळ वाटला तर एखाद्या केबलची पिन दोन आणि तीन उलटी जोडली आहे का ते तपासा. उलटा फेज आणि हाडातला आवाज एकमेकांना खातात.

तिसऱ्या टेकला बाईंनी हेडफोनचा एक कान काढला. कित्येक जुनेजाणते गायक तसं करतात. खोलीतला आपला आवाज त्यांना हवा असतो. ते दिसलं की त्या बाजूचा आवाज बंद करायचा असतो. तुम्ही तो तसाच वाहू दिलात आणि तानपुरा सगळ्या टेकमध्ये सांडला. शिवाय हेडफोन उघड्या पाठीचा. मिक्सिंगला तो उत्तम. माइकसमोर उभ्या माणसाला बंद पाठीचाच द्यायचा. पेटीवाल्यांना 250 ओहमचा, तबलजींना 32 ओहमचा, दोन्ही एकाच वाय-केबलवर. एकाच्या कानात भडका आणि दुसऱ्याच्या कानात कुजबुज. वेगवेगळ्या नॉबचा हेडफोन अॅम्प्लिफायर घ्या. निळ्या दिव्यांत घातलेले पैसे त्याला पुरले असते.

आणि प्री-फेडर! गायकाला जाणारं मिश्रण फेडरच्या आधी घ्यायचं, म्हणजे तुम्ही इकडे काहीही केलं तरी त्याच्या कानातलं हलत नाही. तुम्ही पोस्ट-फेडर घेतलंत. अंतऱ्याच्या मध्यावर तुम्हाला पेटी जास्त वाटली म्हणून खाली ओढलीत, आणि त्याच क्षणी बाईंच्या कानातला आधारस्वर निसटला. गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन काढून घेतलीत आणि तुम्हाला पत्ताही नाही. त्यांना काय हवं हे विचारा. तानपुरा किती, पेटी किती, स्वतःचा आवाज किती, थोडा रिव्हर्ब हवा का. विचारायला अर्धं मिनिट लागतं.

पण विचारणार कसं? तुमचा टॉकबॅक धड नाही. बटण दाबलंत आणि बाईंच्या कानात शिट्टी घुमली. कारण स्पीकर पूर्ण आवाजात चालू, त्यातून त्यांचा माइक, तो तुमच्या टॉकबॅकच्या माइकमध्ये, तिथून हेडफोनमध्ये, हेडफोनमधून पुन्हा त्यांच्या माइकमध्ये. बटण दाबताच स्पीकर 20 डेसिबलने आपोआप दबला पाहिजे. डिम नावाची सोय त्यासाठीच असते आणि तुमच्या कंट्रोलरवर ती आहे. माइकचा 48 व्होल्टचा पुरवठा चालू करताना, जॅक काढता-घालताना हेडफोन आधी बंद करायचे, हेही तुम्ही केलं नाहीत. 100 डेसिबलला पंधरा मिनिटं ही कानाची मर्यादा धरतात. असला धडाका क्षणाचाच असतो, पण तो थेट पडद्यावर बसतो. कान गेला तर गायकाकडे काय उरतं?

शिट्टी आल्यावर तुम्ही बटण लॅच करून ठेवलंत आणि विसरलात. मग तुमच्यातलाच एक म्हणाला, "आवाज थकलाय हो यांचा." ते बाईंनी ऐकलं. त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पुढचा टेकही दिला. मी तिथे मागे उभा होतो. ज्या गळ्यावर तुम्ही शेरा मारलात त्याने तुमच्या जन्माआधीपासून मैफली केल्या आहेत. टॉकबॅकचं बटण दाबून धरायचंच असलं पाहिजे. बोट सुटलं की वाट बंद. सॉफ्टवेअरमधला असेल तर तो चॅनल मास्टरला जाऊ द्यायचा नाही आणि त्यावर लाल पट्टी लावायची.

त्यानंतर तुम्ही दुसरं टोक गाठलंत. टेक संपल्यावर टॉकबॅक बंद ठेवून प्लगइनवरून वाद घालत बसलात. काचेतून बाईंना तीन माणसं माना हलवताना दिसत होती आणि कानात शुकशुकाट. अशा वेळी गाणारा एकच समजतो: मी बेसूर झालो. पुढच्या टेकला त्यांनी आवाज आत घेतला, आणि त्यांचा सर्वांत चांगला अंतरा तुम्ही तिथे घालवलात. शेवटचा सूर विरला की लगेच बोलायचं. "ताई, घेतलं. मुखडा झाला. अंतऱ्याची दुसरी ओळ पुन्हा घेऊ, माझ्याकडून पेटी खाली गेली होती." चूक तुमची असेल तर तुमची म्हणायची. कारण न सांगता नुसतं "वन मोअर" म्हणायचं नाही.

उलट दिशेचीही वाट हवी. तबलजी दोनदा म्हणाले की चाट उतरली आहे, हातोडी मारू द्या. तबल्याचा माइक दोन टेकच्या मधे म्यूट असल्यामुळे कोणालाच ऐकू गेलं नाही. खोलीत एक स्वतंत्र माइक टांगायचा, त्यावर कडक कॉम्प्रेसर, म्हणजे कोपऱ्यातून पुटपुटलेलंही तुम्हाला कळेल. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत 1980 च्या सुमारास अशाच माइकमधून फिल कॉलिन्सचा ड्रम ऐकून ह्यू पॅडगॅम थबकला, आणि पुढे ड्रमचा तो आवाज दशकभर गाजला. पण तो माइक मुळात तिथे होता तो वादकाचं बोलणं ऐकायला.

"पूर्वी कुठे होतं हे सगळं," असं मागून कोणीतरी पुटपुटलं. ऐकलं मी. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान कर्ण्यात तोंड घालून गायल्या तेव्हा हेडफोन नव्हता, हे खरं. पण मुद्रण करणारा माणूस त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर होता. मधे काच नव्हती. काच आपण आणली, आपल्या सोयीसाठी. ती ओलांडण्याची जबाबदारीही आपलीच. आणि गौहरजान गाणं संपता संपता आपलं नाव मोठ्याने सांगत, म्हणजे परदेशात तबकडी घडवणाऱ्याला ती कोणाची ते कळावं. तुमच्या संगणकात "ऑडिओ 17", "ऑडिओ 17 नवीन", "ऑडिओ 17 नक्की" अशा फाइली पडल्या आहेत. टॉकबॅकवरून स्लेट द्यायची: राग, ओळ, टेकचा क्रमांक. दोन सेकंदांचं काम.

पुढच्या मुद्रणाआधी तुमच्यापैकी प्रत्येकाने बूथमध्ये जाऊन, हेडफोन घालून, स्वतः एक आख्खं गाणं गायचं. गळा असो नसो. बाकीच्यांनी इकडून फेडर हलवायचे, टॉकबॅक द्यायचा, मधेच गप्प बसायचं. काय होतं ते कळू दे. आणि टॉकबॅकवर बोलणारा माणूस एकच असेल, पाच जण नाहीत. तो कोण, त्याचं नाव मला आत्ता, इथे हवं आहे.