उशिराची कद्र

एखाद्या कलाकृतीला तिच्या काळात कुणी विचारले नाही आणि पंचवीस-तीस वर्षांनी तेच लोक तिचे गुणगान करू लागले, तर त्याला काय म्हणावे? इन्साफ म्हणावे, पश्चात्ताप म्हणावे, की नुसती नवी टूम? मेलेल्या म्हशीला मणभर दूध, अशी मराठीत म्हण आहे. माणूस डोळ्यांआड झाला की त्याचे गुण मोजायला आपण बसतो. पण प्रत्येक उशिराची कद्र अशीच खोटी असते का, हा खरा प्रश्न आहे.

उदाहरण 'दिल पडोसी है' या अल्बमचे घेऊ. गीते गुलजार यांची, संगीत राहुलदेव बर्मन ऊर्फ पंचम यांचे आणि आवाज आशा भोसले यांचा. 8 सप्टेंबर 1987 रोजी, आशाबाईंच्या वाढदिवशी, तो प्रसिद्ध झाला. दोन तबकड्या, 14 गाणी. मागे चित्रपट नाही, पडद्यावर ओठ हलवणारा नायक नाही. तिघेही नामवंत, तरी अल्बमचा म्हणावा तसा बोलबाला झाला नाही. त्याच साली याच तिघांचा 'इजाजत' आला. त्यातल्या एका गाण्यासाठी गुलजारांना गीतकाराचा आणि आशाबाईंना गायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कवी तोच, संगीतकार तोच, गळा तोच, सालही तेच. एकाच्या गळ्यात हार पडला, दुसरा कोपऱ्यात राहिला.

असे का झाले? आमच्या मते त्या अल्बमला बसायला खण नव्हता. चित्रपटसंगीतात तेव्हा डिस्कोचा जोर होता. ज्यांना त्याचा कंटाळा आला होता ते गझलकडे वळले होते. आशाबाईंनीच 1981 साली 'उमराव जान'मध्ये खय्यामसाहेबांकडे गझला गायल्या, 1983 साली गुलाम अलींबरोबर 'मेराज-ए-गझल' केला. पण 'दिल पडोसी है' गझलही नव्हता आणि चित्रपटगीतही नव्हता. त्यात पहाटेचे गाणे आहे, बासरीचे आहे, नाताळच्या रात्रीचेही आहे. गझलेच्या शौकिनांना ते कमी गझल वाटले, पंचमच्या ठेक्यावर डोलणाऱ्यांना ते फार शांत वाटले. ज्याचे नाव काय ठेवावे हे कळत नाही, त्याला आपण बाजूला सारतो.

4 जानेवारी 1994 रोजी पंचम गेले, वय अवघे 54. शेवटच्या वर्षांत त्यांच्याकडे काम कमी झाले होते. त्यानंतर '1942: अ लव्ह स्टोरी' प्रदर्शित झाला आणि त्याच्या संगीताचा फिल्मफेअर पुरस्कार त्यांच्या माघारी जाहीर झाला. मग चाहत्यांनी त्यांचे मागचे काम चाळायला घेतले. 2011 साली अनिरुद्ध भट्टाचार्जी आणि बालाजी विठ्ठल यांचे त्यांच्यावरील पुस्तक आले, त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या शोधात 'दिल पडोसी है'ही पुन्हा हाती आला. हा अल्बम निघाला तेव्हा आमचा जन्मही झाला नव्हता. आमच्या पिढीने तो मोबाईलवरच ऐकला. कुणी त्याला पंचमच्या उत्तम कामांत धरतात, कुणाला तो आजही शब्दांच्या ओझ्याने जड वाटतो.

मग 1987 च्या श्रोत्यांना गुन्हेगार ठरवायचे का? आम्हाला ते मान्य नाही. आमच्या अंजूरच्या शेजारी भिवंडीत बारा बारा तास यंत्रमागाच्या खडखडाटात उभा राहणारा कारीगर संध्याकाळी जे गाणे ऐकेल ते त्याच्या पसंतीचे. त्याला ठेका हवासा वाटला, यात अपराध नाही. नापसंत करणे हा श्रोत्याचा हक्क आहे. पण न ऐकताच निकाल देणे हा हक्क नाही. नाइन्साफी तिथे सुरू होते.

दुसरा दोष आजच्या चाहत्यांत दिसतो. काल दुर्लक्षित होते म्हणून आज ते श्रेष्ठ, हा हिशेब चुकीचा आहे. दहावीच्या परीक्षेत पुनर्मूल्यांकनाची सोय असते. तिथे उत्तरपत्रिका पुन्हा उघडावी लागते. विद्यार्थी गरीब आहे किंवा रडतो आहे म्हणून गुण वाढत नाहीत. कधी ते घटतातही. कलेचेही तसेच असावे. दयेने दिलेले गुण हाही अपमानच.

शिवाय कुठल्या मापाने मोजायचे तेही ठरवावे लागते. नुसरत फतेह अली खाँ यांनी 1990 साली मायकेल ब्रुक यांच्याबरोबर 'मस्त मस्त' हा अल्बम केला. त्यात पाश्चात्त्य वाद्ये आहेत, कलामापेक्षा आलाप आणि सरगम यांना जागा अधिक आहे. दर्ग्यातल्या कव्वालीच्या मापाने मोजला तर तो उणा पडेल. पण त्याने ते होण्याचा दावाच केला नव्हता. ज्याने जे करायचे ठरवले, ते त्याने कितपत साधले, हे आधी पाहावे. आपल्याला त्याची गरज आहे की नाही, हा प्रश्न नंतरचा.

आता मूळ प्रश्न. गेलेल्या माणसाला या कद्रेचा काय उपयोग? त्याला काहीच नाही. त्याचे कर्ज आता फिटत नाही, हे मान्य केले पाहिजे. उशिराने दिलेली गवाही आरोपीला सोडवू शकत नाही, पण सत्याची नोंद तेवढी दुरुस्त करते. तिचा दुसराही एक उपयोग आहे, आणि आमच्या लेखी तो मोठा आहे. ती आपल्याला आपल्या निकालांविषयी सावध करते.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. वर्गात अशी मुले असतात ज्यांच्यासाठी आपल्याकडे खण नसतो. गणितात कच्चा, पण चित्र काढतो. धडा वाचताना अडखळतो, पण नात म्हणायला उभा राहिला की वर्ग शांत होतो. अशा मुलावर पाचवीत 'ढ' असा शिक्का बसला तर तो पुसायला पंचवीस वर्षे थांबता येत नाही. तबकडी कपाटात पडून राहते, तिच्यातली गाणी जशीच्या तशी राहतात. मूल तसे राहत नाही. आठवी-नववीत ते शाळा सोडते आणि कुठल्यातरी गोदामात माल उचलायला लागते. मग त्याची कद्र करायला कोण येणार?

म्हणून जुनी तबकडी अवश्य पुन्हा ऐकावी. आवडली नाही तर तसे सांगावे. मात्र जे कान आपण गेलेल्यांसाठी उघडतो, त्यांतला निम्मा वाटा जे अजून आपल्यासमोर बसले आहेत त्यांना मिळाला पाहिजे.