डाळीच्या डब्यातले पैसे



आपल्या आईच्या, आजीच्या स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यात तळाशी चार नोटा असायच्या. घरच्या माणसांना ते ठाऊक असायचं. कुणी विचारायचं नाही. अडीनडीला त्या नोटा बाहेर यायच्या. झाकणाखाली पैसा होता, पण लपवाछपवी नव्हती.

आज कर्ज मोबाइलवर मिळतं. नवरा हप्ता लपवतो. बायको माहेरी केलेल्या मदतीबद्दल बोलत नाही. मग एक दिवस दारात नोटीस येते. भांडण पैशावरून झालं, असं आपण म्हणतो. मला तसं वाटत नाही. रक्कम फिटते, विसरली जाते. ‘मला सांगितलं का नाहीस?’ हा प्रश्न मात्र वर्षानुवर्षं घरात फिरत राहतो.

म्हणून सांगून टाका. वेळेवर सांगून टाका. बायकोचं सोनं गहाण ठेवायची वेळ आली, तर आधी तिला विचारा. ते तिचं स्त्रीधन आहे. कायद्यानंही तिचंच.

आणि एखादी बाई असं घरातलं गाऱ्हाणं घेऊन तुमच्याकडे आली, तर सल्ल्याची घाई करू नका. चहा टाका. ऐकून घ्या. ‘सोडून दे’ काय किंवा ‘सोसून घे’ काय, म्हणायला सोपं. निभवायचं तिला असतं. मारहाण होत असेल, तर मात्र वाट पाहू नका. तिच्या बाजूला उभे राहा.

आज रात्री जेवणं झाली, भांडी आवरली, की दोघं जरा ओट्यापाशी थांबा. राहून गेलेलं ते एक वाक्य सांगून टाका.