नित्यकर्म आणि ओहोळावरचा बांध

अरण्याचे रक्षण माणसाने देवाच्या भयाने करावे की स्वतःच्या विवेकाने, हा प्रश्न विद्वत्सभेत निघाला तर त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलता येते; परंतु नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात, जिथे वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडूनही वैशाखात बायकांना हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरून झिऱ्यापाशी जावे लागते, तिथे तो वादाचा विषय न राहता प्रत्यक्ष जगण्याचा विषय होतो. काळ्या पाषाणाचे उतार पाणी धरून ठेवीत नाहीत; दमणगंगा आणि पार या नद्या ते गुजरातेतून समुद्राला नेऊन पोचवितात.

या मुलखातील कोकणा, महादेव कोळी आणि वारली या समाजांनी त्या प्रश्नाचे उत्तर आचारातून दिलेले आहे. आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीच्या दिवशी, गुराखी शिवेवरच्या वाघदेवाला नैवेद्य दाखवितात. वाघ, नाग, सूर्य आणि चंद्र कोरलेल्या त्या फळीपुढे उभे राहताना, आपल्या गुरांना ज्याच्यापासून धोका त्याचाही या रानावर हक्क आहे, हे सारे गाव मान्य करीत असते. डांगापासून या पट्ट्यापर्यंतच्या कोकणा समाजात पावसाच्या आरंभी उगवणारी तेऱ्याची पाने आधी देवाला वाहतात, आणि तोवर ती कोणी खुडीत नाही. तेवढ्या अवधीत कोवळे रोप मूळ धरते. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आसपास नामशेष होत चाललेल्या वनस्पती देवाच्या नावाने राखलेल्या त्या तुकड्यांत जीव धरून असल्याचे त्यांना आढळले.

यावर आधुनिक मनाचा आक्षेप असा की, हा सारा संयम भयावर उभा आहे; शाळा शिकलेल्या मुलाचा वाघदेवावरचा विश्वास उडाला की रानही उडेल. आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचे समाधान मला पूर्वमीमांसेत सापडते. शबरस्वामींसारखा कट्टर वैदिक भाष्यकारदेखील यज्ञात कर्माला प्रधान आणि देवतेला गौण मानतो. आणि मीमांसक काम्य कर्माहून नित्य कर्म वेगळे काढतात. काम्य कर्म फलाच्या इच्छेने करावयाचे, इच्छा सरली की तेही सरते; नित्य कर्म फलाची वाट न पाहता, न केल्यास दोष लागतो म्हणून करावयाचे. ही दृष्टी पत्करली तर गावाचा संयम देवावरील विश्वासाच्या तीव्रतेवर अवलंबून न राहता, आचरणाच्या अखंडतेवर अवलंबून राहतो.

ही अखंडता बाहेरूनही तोडली गेली. १८७८ साली पेठचे संस्थान खालसा होऊन इंग्रजी अंमलाखाली आले, आणि त्याच वर्षी झालेल्या वनकायद्याने अरण्य सरकारी मालमत्ता ठरविण्याची वाट अधिक प्रशस्त केली. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट दफ्तरात सवलत म्हणून नोंदली जाऊ लागली. ज्या रानाचे आपण राखणदार, त्याच रानात आपण गुन्हेगार, अशी स्थिती झाल्यावर कोणते कर्तव्य टिकावे? २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला, हे उशिरा झालेले परिमार्जन आहे.

आता पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या भागांतील तरुण ‘जलपरिषद’ या नावाने एकत्र येऊन श्रमदानाने वनराई बंधारे घालतात, त्याकडे वळू. ओहोळाची धार बारीक झाली की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, त्या एकावर एक रचून पाणी अडवावयाचे. ठेकेदार नाही, निविदा नाही, लागतो तो घाम. असा बांध एका हंगामापुरताच असतो, आषाढातल्या पहिल्या मोठ्या पुरात तो वाहून जातो. अभियंत्याला यात दोष दिसेल; मला तर यातच त्याचे धर्म्य स्वरूप दिसते, कारण दर वर्षी गावाला पुन्हा जमावे लागते, पुन्हा हात लावावा लागतो. लक्षावधी रोपे लावल्याचे आकडे जाहीर करणारी सरकारी मोहीम बहुधा काम्य कर्मासारखी असते: उद्दिष्ट पूर्ण झाले, छायाचित्र निघाले, रोपाला पाणी घालणारा मात्र कोणी नाही. बांध घालणारा तरुण वाघदेवाला मानतो की नाही, हे मी त्याला विचारणार नाही. वाघबारशीचा गुराखी आणि तो एकाच परंपरेचे आहेत, असे माझे ठाम मत आहे.

या गोण्यांचा पुरवठा मात्र गावात होत नाही. नाशिकसारख्या शहरात बांधकामे अहोरात्र चालू असतात आणि रिकाम्या गोण्यांचे ढीग पडलेले असतात. ज्या वाचकांना शक्य आहे त्यांनी दिवाळीनंतर त्या गोळा करून पेठ तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीकडे पोचवाव्यात, आणि जमल्यास एक दिवस त्या भरण्यासही जावे.