डब्यातला शंख

जानेवारी 2019 मधली गोष्ट. नाताळाची धामधूम आटोपली होती, आणि मुलांना कबूल केलेली सहल द्यायची राहिली होती. म्हणून एका शनिवारी बेळगावहून आमच्या शब्बाथ शाळेची तीसेक मुले घेऊन आम्ही चोर्ला घाटाने गोव्यात उतरलो. बरोबर पाळकसाहेब होते, महिला मंडळातल्या दोन मावश्या होत्या, आणि पुरीभाजीचे डबे होते. पुष्कळ मुलांनी समुद्र त्यापूर्वी चित्रातच पाहिलेला. मोरजीच्या किनाऱ्यावर बस थांबली तेव्हा एकदोन मुली चक्क गप्प उभ्या राहिल्या. एरवी त्यांना गप्प बसवताना आमची पुरेवाट होते.

दिवस फार चांगला गेला. ओहोटी होती. ओल्या वाळूवर लहान खेकड्यांनी वाटाण्याएवढे वाळूचे गोळे करून टाकले होते. जणू कोणी पहाटे उठून रांगोळी घातली आहे. मुले जवळ गेली की खेकडे बिळात, मुले मागे सरली की पुन्हा बाहेर. वन खात्याने जाळी लावून राखलेली कासवाच्या अंड्यांची जागा आम्ही दुरून पाहिली. मुलांनी शंखशिंपले गोळा केले. आम्हीच म्हटले, घ्या, आठवण म्हणून घरी न्या.

परत येताना घाटात अंधार पडला, आणि आमच्या शेजारी बसलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाच्या जेवणाच्या डब्यातून खरडल्यासारखा आवाज येऊ लागला. "सर, आत काहीतरी आहे," तो म्हणाला. आम्ही डबा कानाशी नेला. आवाज आम्हालाही ऐकू आला. काय असेल हेही ध्यानात आले, कारण रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा आम्ही लहानपणी मालवणला पुष्कळ पाहिला होता. पण आता बस कोठे थांबवायची, आणि थांबवली तरी घाटात खेकडा सोडायचा कोठे? "झोप आता, सकाळी पाहू," असे म्हणून आम्ही डोळे मिटले.

रविवारी उपासनेपूर्वी तो डबा घेऊन आला. खेकडा शंखातून अर्धा बाहेर येऊन मेला होता. मुलगा रडला नाही. त्याने एवढेच विचारले, "सर, तुम्हाला माहीत होते का, तो जिवंत आहे म्हणून?"

आम्ही म्हणालो, "नाही रे बाळा, आम्हाला कसे माहीत असणार?"

डबा कानाशी नेताना त्याने आम्हाला पाहिले होते. तरी तो काही बोलला नाही; "बरं सर" म्हणून आत जाऊन बसला. त्या दिवशी धडा कोणता होता ते आम्हाला आज आठवत नाही. त्याला आठवत असेल तर तो धडा पुस्तकातला नसेल.

हल्ली जिकडे तिकडे सांगतात की मुलांना निसर्ग राखायला शिकवा. शाळांतून चित्रस्पर्धा होतात, मुले निळा समुद्र आणि हसरे कासव काढतात, बक्षिसे मिळतात. यात वाईट काही नाही. परंतु आम्ही मुलांना नेमके काय शिकवतो, आणि शिकवण्याचा आमचा अधिकार कोणता, हा प्रश्न त्या डब्यापासून आमचा पिच्छा सोडत नाही.

पहिल्याने आम्ही उपयोगाचे कारण सांगतो. समुद्र राखा, कारण त्यातून अन्न मिळते, पाऊस येतो, लाखोंची पोटे भरतात. हे सगळे खरे आहे. पण एकदा एका मुलीने विचारले, "कासवाचा उपयोग काय?" आम्ही घाईघाईने सांगितले की कासव जेलीफिश खाते, त्यामुळे त्यांची संख्या आटोक्यात राहते. ती म्हणाली, "आणि उपयोग नसता तर?" काय उत्तर द्यावे? उपयोग संपला की राखणेही संपले, असा हिशेब आम्ही घरात आजीआजोबांना लावत नाही. मग तो मुलांच्या हाती कशाला द्यावा? आणि मुले हिशेबात आमच्याहून हुशार असतात. एके दिवशी तोच हिशेब ती आम्हालाही लावतील.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात जलचरांची निर्मिती पाचव्या दिवशी होते आणि मनुष्याची सहाव्या. हा क्रम सर्वांना पाठ आहे. परंतु त्या पाचव्या दिवशीच जलचरांना आशीर्वाद मिळतो, त्यांनी बहुगुणित व्हावे म्हणून, हे आमच्या फारसे लक्षात राहत नाही. मनुष्य अजून आलेलाच नाही. मासे पकडायला कोणी नाही, विकायला कोणी नाही, पाहून सुंदर म्हणायलाही कोणी नाही. तरी ते चांगले ठरले आहे. मनुष्याला अधिकार मिळाला तो त्यानंतर. दुसऱ्याच्या घरी कारभारी म्हणून राहणाऱ्याने त्या घरातली कोणती वस्तू आपल्या येण्याआधीपासून मालकाला प्रिय आहे, एवढे तरी विचारून घ्यावे.

दुसरे कारण दयेचे. हे मुलांना लवकर पटते, आणि म्हणूनच ते जपून वापरावे लागते. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास म्हणून गाव आहे; नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून पूर्वी लोकांना ठाऊक असे, आता कासवांमुळे ठाऊक आहे. पूर्वी तेथे कासवाची अंडी उकरून खात, विकत. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, हातभर खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. ती पुन्हा पाहायला येत नाही. राखण करणारी माणसे ती अंडी कुंपणात नेऊन तशाच खड्ड्यात ठेवतात. दीडदोन महिन्यांनी पिल्ले वर येतात, आणि लोक ती पाहायला दुरून येतात, गावात घरोघरी उतरतात, दोन घास जेवतात. गावाला चार पैसेही मिळतात.

पिल्ले सोडताना दोरीअलीकडे उभी राहिलेली मुले हमखास म्हणतात, "त्यांना उचलून पाण्यात का सोडत नाही? बघा ना, किती दमली!" तळहाताएवढेही नसलेले ते पिल्लू खरोखरच दमलेले दिसते. लाट त्याला उलटे करून मागे फेकते, ते पुन्हा निघते. पण वाळूवरची ती चाल त्याची त्यालाच चालू द्यावी लागते. मोठी झालेली मादी अनेक वर्षांनी ज्या भागात जन्मली त्याच भागात अंडी घालायला परतते, आणि तिच्या मनावर त्या जागेची खूण या पहिल्या वाटचालीत उमटत असावी असे जाणकार मानतात. हजारात एखादेच पिल्लू मोठे होते असे म्हणतात. आपण राखले ते जगले की नाही, हे दोरीअलीकडच्या कोणालाही कधी कळायचे नाही. मुलाच्या हाताला आवर घालून हे त्याला पाहू देणे, उचलून सोडायला देण्याहून फार कठीण आहे. आईबापांनाही ते कठीण जाते. आम्ही पाहिले आहे, एक गृहस्थ फोटोसाठी मुलाला दोरीखालून पुढे ढकलत होते.

दयेची दुसरी अडचण अशी की ती देखण्या जिवाकडे धावते. कासवाच्या पिल्लाला सगळे रडतात. शंखातल्या खेकड्याला कोण रडतो? त्याचे मागचे अंग मऊ असते, त्यावर स्वतःचे कवच नसते. म्हणून मेलेल्या गोगलगायीचा शंख शोधून तो आत राहतो, आणि वाढला की मोठा शंख शोधतो. आम्ही सहलीला जाऊन पिशव्या भरभरून जे रिकामे शंख आणतो, ती त्याची घरे असतात. जेथे शंख मिळत नाहीत तेथे हे खेकडे बाटलीच्या प्लास्टिकच्या झाकणात राहताना आढळले आहेत. चाळीत जागा न मिळालेल्या माणसाने पत्र्याच्या पिंपात राहावे तसे.

आणि देखण्या जिवाकडे धावताना दया कधी माणसाला तुडवून जाते. 2023 साली आम्ही पुन्हा मुलांना घेऊन गोव्याला गेलो. एका गावी रापण ओढणे चालले होते. वीसपंचवीस माणसे, त्यांत बायका आणि म्हातारे, जाळ्याचे दोन्ही दोर धरून ओढत होती. जाळे वर आले तेव्हा त्यात मूठपसा तारली आणि पुष्कळसे प्लास्टिक. आमच्यातला एक मुलगा, बक्षीस मिळवलेला, पुढे होऊन एका म्हाताऱ्या रापणकाराला म्हणाला, "काका, तुम्ही मासे मारता हे पाप आहे. समुद्र तुमच्यामुळे रिकामा झाला."

म्हातारा रागावला नाही. त्याने मुलाला न्याहाळले आणि कोंकणीत विचारले, "तूं नुस्तें खाता न्ही रे बाबा?"

मुलगा ओशाळला. त्याहून अधिक आम्ही ओशाळलो, कारण हे त्याला आम्ही शिकवले होते. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या किनाऱ्यावरून जाळे ओढले, त्याच रापणकारांनी 1970 नंतरच्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध आंदोलन केले होते. आमची माशांची चव चुकवू न देणारे ते ट्रॉलर किनाऱ्यालगतचा समुद्र खरवडून नेत होते. त्यांच्या लढ्यानंतर 1980 साली गोव्यात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. समुद्र वाचवा हे ते लोक आमच्या चित्रस्पर्धांच्या कितीतरी आधी म्हणत होते. आम्ही मात्र मुलाला एवढेच शिकवले की दोषी तो, ज्याच्या हातात जाळे दिसते. ज्याच्या ताटात मासा आहे तो निर्दोष.

राखण्याची किंमत कोणी द्यायची, हा प्रश्न आम्ही मुलांपासून लपवतो. आमच्या बडोद्याच्या वाचकांना गुजरातची हकीकत माहीत असेल. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क हा प्रचंड पण निरुपद्रवी मासा यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी मारीत. 2001 साली कायद्याने ती शिकार बंद झाली. पण कायदा कागदावर असतो आणि मासा जाळ्यात. 2004 पासून तेथे मोहीम सुरू झाली, आणि कथाकार मोरारी बापूंनी मच्छीमारांना समजावले की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. कोळ्यांनी आपली जाळी स्वतःच्या हातांनी कापून मासे सोडले; आजवर शेकडो सोडले. येथे नीट पाहावे: जाळे हजारो रुपयांचे, आणि ते त्याच्या घरच्या भाकरीचे साधन. म्हणून सरकारने कापलेल्या जाळ्याची भरपाई द्यायला सुरुवात केली. माहेरच्या गोष्टीने मन वळले, पण भरपाई नसती तर केवळ गोष्टीवर एका गरिबाने किती दिवस जाळी कापावीत? (आमच्या व्यासपीठांवरून समुद्राविषयी शेवटचा उपदेश केव्हा झाला होता, हे पाळकवर्गाने आठवून पाहावे. योनाची गोष्ट धरू नये.)

आमचे काही वाचक म्हणतील, आम्ही इंदूरला, हैदराबादला राहणारे. समुद्राशी आमचा संबंध काय? आम्हीही बेळगावात बसून असेच समजत होतो. एका रविवारी मुलांना नकाशा दिला आणि आपापल्या पाण्याचा माग काढायला सांगितले. खानापूर तालुक्याच्या रानात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. पण आमच्या शहराजवळची मार्कंडेय नदी उलटीकडे जाते. गोकाकच्या बाजूला घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. हैदराबादची मुसी अखेर त्याच कृष्णेत जाते. इंदूरची कान्ह क्षिप्रेत, क्षिप्रा चंबळेत, चंबळ यमुनेत, यमुना गंगेत. मुलांना मोठी मौज वाटली. मग एकाने हातातल्या वेफर्सच्या पाकिटाकडे पाहिले आणि ते खिशात घातले. आम्ही त्याला काहीच सांगितले नव्हते. खरे सांगायचे तर त्या क्षणी चहाचे कागदी कप नाल्याकडेच्या ढिगावर टाकायला आमचेच एक शिक्षक निघाले होते. ते अर्ध्यातून परतले.

तेव्हा अधिकाराचा प्रश्न पुन्हा येतो. निर्दोष माणसानेच शिकवावे म्हटले तर शब्बाथ शाळा उद्याच बंद करावी लागेल. आणि आपण बिघडवले ते निस्तरायचे ओझे मुलांच्या पाठीवर टाकून त्याला शिक्षण म्हणणे, हाही अन्यायच आहे; नऊ वर्षांच्या मुलाने बस अडवायची नसते, ती आम्ही अडवायची असते. त्या रात्री घाटात खेकडा सोडायला जागा नव्हती हे खरे; पण किनाऱ्यावर असताना प्रत्येक शंख उलटा करून पाहा, आत कोणी आहे का, आणि रिकामा असला तरी तेथेच ठेवा, एवढे सांगायला जागा भरपूर होती. ते सांगितले नाही ही चूक. नंतर "माहीत नव्हते" म्हटले ते मात्र चूक नव्हे. त्याला दुसरे नाव आहे, आणि ते आम्ही मुलांना दहा आज्ञांच्या धड्यात शिकवतो.

येत्या फेब्रुवारीत पुन्हा सहल ठरली आहे. निघण्यापूर्वीच्या रविवारी मुलांना ही डब्याची हकीकत सांगायचे आम्ही ठरवले आहे, आणि यावेळी सगळी सांगायची, कानाशी नेलेल्या डब्यासकट. तो मुलगा आता कॉलेजात जातो; तरुण संघातर्फे तोही लहान मुलांना सांभाळायला येणार आहे. त्या रविवारी लवकर ये, तुझ्याशी आधी थोडे बोलायचे आहे, असा निरोप आम्ही त्याला पाठवला. "येतो सर," एवढे उत्तर आले आहे.